बाग मांडणाऱ्यांनीं आपलें संकेतस्थळ कसें सुधारावें

नाशिक शहरास मोगल अमदानींत गुलशनाबाद म्हणत असत, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. फुलें, रोपें व बागा यांची आवड येथें जुनी आहे. शहराभोंवतीं बंगले, सोसायट्या व शेतघरें वाढल्यापासून हिरवळ घालणें, झाडें लावून देणें व बाग राखणें हा एक चांगला जोडधंदा झाला असून रोपवाटिका असलेल्या कांहीं शेतकरी कुटुंबांतील मुलें तो करूं लागलीं आहेत. काम त्यांस उत्तम येतें. परंतु काम देणारा मनुष्य हल्लीं ओळखीनें कमी आणि भ्रमणध्वनीवर शोध घेऊन अधिक येतो. त्याच्या दृष्टीस प्रथम पडतें तें संकेतस्थळ. तें अपुरें असलें, म्हणजे तो दुसरीकडे वळतो. किंवा एखादा मध्यस्थ तें काम घेऊन त्याच मुलांस मजुरीवर लावतो. रोपें आपलीं, कसब आपलें आणि नफा मात्र दुसऱ्याचा, असें होऊं नये म्हणून संकेतस्थळ कसें सुधारावें याविषयीं चार व्यवहाराच्या गोष्टी या पाठांत सांगण्याचें योजिलें आहे.

१. संकेतस्थळ ही एक नोंद आहे

महसूल खात्यांत कारकुनी करतांना आम्ही एक गोष्ट पक्की शिकलों. ज्यास जमीन प्रत्यक्ष पाहतां येत नाहीं, तो कागदावर विसंबतो. आणि कागदावर विश्वास तेव्हांच बसतो, जेव्हां त्यांतील प्रत्येक रकाना भरलेला व खरा असतो. गांव नमुना सातमध्यें हक्क कोणाचा तें कळतें, बारामध्यें पीक कोणतें तें कळतें. संकेतस्थळानेंही एवढेंच सांगावयाचें आहे: आपण कोण, कोठें असतों, काय करतों, आणि केलेलें काम कोठें उभें आहे.

आपल्या जिल्ह्यांतील द्राक्ष बागाइतदारांस हा धडा नवीन नाहीं. २००३ सालीं युरोपांत आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सांपडून निर्यात अडचणींत आली. त्यानंतर २००६ सालीं अपेडा या सरकारी संस्थेनें ग्रेपनेट ही आंतरजालावरील नोंदपद्धति सुरूं केली. तींत बाग नोंदली जाते, तपासणी नोंदली जाते, आणि पेटी कोणत्या बागेंतली हें मागें जाऊन पाहतां येतें. परदेशच्या गिऱ्हाइकानें दिंडोरी किंवा निफाड कधीं पाहिलेलें नसतें; तो नोंदीवर विश्वास ठेवतो. बाग मांडणाऱ्याचें गिऱ्हाईक गंगापूर रस्त्यावरचें असलें तरी पहिल्या दिवशीं तेंही तितकेंच अनोळखी असतें.

२. नांव प्रथम आपल्या नांवावर करा

संकेतस्थळाचें नांव, ज्यास डोमेन म्हणतात, तें ठराविक मुदतीनें पैसे भरून राखावें लागतें. पुष्कळ ठिकाणीं संकेतस्थळ बनवून देणारा मनुष्य तें स्वतःच्याच नांवें व स्वतःच्याच ईमेलवर घेतो. पुढें त्याच्याशीं बिनसलें, किंवा त्यानें धंदा सोडला, म्हणजे मालकास आपल्याच नांवाला मुकावें लागतें. जमीन आपण कसावी आणि सातबारा दुसऱ्याच्या नांवें असावा, असा हा प्रकार होय. म्हणून डोमेन स्वतःच्या नांवें, स्वतःच्या ईमेलवर व भ्रमणध्वनीवर घ्यावें. मुदतीची तारीख दिनदर्शिकेंत लिहावी. परवलीचे शब्द घरांतील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावेत. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाचें देवनागरी नांवही घेतां येतें. इंग्रजी नांवाच्या जोडीस तें घेण्यास हरकत नाहीं.

३. पत्ता, दूरध्वनि आणि नकाशा

प्रत्येक पानावर दूरध्वनि क्रमांक असावा, व त्यास बोट लावतांच फोन लागावा. कामाची हद्द स्पष्ट लिहावी. ‘सर्वत्र काम करतों’ असें लिहिण्यापेक्षां ‘नाशिक शहर, दिंडोरी, निफाड व सिन्नर तालुके’ असें लिहिल्यानें शोधणारास आपण लवकर सांपडतों आणि दूरच्या निष्फळ चौकशा टळतात. फळझाडांचीं कलमें विकणाऱ्या रोपवाटिकेस १९६९ च्या राज्य कायद्याप्रमाणें परवाना लागतो; तो असल्यास त्याचा क्रमांक द्यावा.

गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते. ती अवश्य करावी, आणि तेथील नांव, पत्ता व क्रमांक संकेतस्थळावरच्याशीं अक्षरशः जुळवावा. जवळपासच्या शोधांत कोणास वर दाखवावें हें ठरवितांना मागणीशीं जुळणी, अंतर व प्रसिद्धि या तीन गोष्टी पाहिल्या जातात, आणि पैसे घेऊन त्या यादींत कोणास वर चढविलें जात नाहीं, असें ती कंपनी स्वतःच सांगते. पैसे देऊन जाहिरात करतां येते, पण ती जाहिरात म्हणून वेगळी दिसते. सबब ‘इतके रुपये द्या, कायमचा पहिला क्रमांक देतों’ असें म्हणणाऱ्यापासून सावध रहावें. काम संपल्यावर गिऱ्हाइकास दोन शब्द अभिप्राय लिहिण्याची विनंति करावी. मात्र बक्षीस देऊन किंवा नातेवाइकांकडून स्तुति लिहवून घेऊं नये. तक्रार आल्यास तिला सभ्यपणें उत्तर द्यावें. वाचणारा तक्रारीपेक्षां तिचें उत्तर अधिक लक्षपूर्वक वाचतो.

४. प्रत्येक कामास वेगळें पान

हिरवळ, ठिबक संच, गच्चीवरील बाग, मोठीं झाडें लावणें, मासिक देखभाल हीं सर्व कामें एकाच पानांत कोंबूं नयेत. ज्यास हिरवळ हवी आहे तो हिरवळच शोधतो. प्रत्येक पानावर काय करतों, किती दिवस लागतात, काय समाविष्ट आहे व काय नाहीं, हें लिहावें. शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचे असावेत. आपण हिरवळ म्हणतों, पण तो ‘लॉन’ म्हणतो. तेव्हां दोन्ही शब्द येऊं द्यावेत, आणि मराठीबरोबर इंग्रजी पानही ठेवावें. मात्र एकच शब्द वाक्यावाक्यांत घुसडण्यानें कांहीं साधत नाहीं.

हंगामाप्रमाणें लिहिणें हेंही फार उपयोगी आहे. पावसाळ्यांत कोणतीं झाडें लावावीं, हें पान मे महिन्याच्या आरंभींच तयार असावें. कारण लोक विचारणा मृगाच्या आधीं करतात. इगतपुरीकडचा धो धो पाऊस, सिन्नरकडची पाण्याची ओढ आणि निफाडकडची कडक थंडी यांत एकच झाड सारखें फोफावत नाहीं. बहावा, ताम्हण, कांचन, पारिजातक यांपैकीं कोणतें झाड कोठल्या जमिनींत आलें, हें अनुभवानें लिहिलेलें पान दुसऱ्या कोणास सहज उतरून घेतां येत नाहीं.

५. चित्रें आपलींच असावींत

परदेशांतील बागांचीं चित्रें उचलून लावण्याची खोड वाईट आहे. तीं पाहून गिऱ्हाईक तशीच बाग मागतें. आपल्या उन्हांत ती होत नाहीं, आणि शेवटीं तंटा होतो. शिवाय दुसऱ्याचें चित्र परवानगीवांचून वापरणें कायद्यासही धरून नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत हंफ्री रेप्टन नांवाचा प्रसिद्ध उद्यानरचनाकार होऊन गेला. तो गिऱ्हाइकासाठीं लाल बांधणीचें एक पुस्तक करी. त्यांत जागेचें आजचें चित्र असे, आणि वरची कागदी झडप उचलली म्हणजे खालीं सुधारलेली बाग दिसे. ‘आधीं’ आणि ‘नंतर’ यांची ही युक्ति आज अधिक सोपी आहे. काम सुरूं करण्यापूर्वीं एक, पुरें झाल्यावर एक, आणि सहा महिन्यांनीं एक, अशीं तीन छायाचित्रें एकाच जागीं उभें राहून घ्यावींत. त्यांतलें तिसरें सर्वांत मोलाचें. लावलेलें झाड जगलें, ही साक्ष तेंच देतें. ई-पीक पाहणींत शेतांत उभें राहूनच पिकाचें छायाचित्र घ्यावें लागतें, त्यांतला हेतु हाच आहे. चित्राखालीं गांव, महिना व काम लिहावें. मालकाची परवानगी घ्यावी. त्याचें नांव व घरक्रमांक देऊं नये. चित्राचा आकार कमी करून मगच तें चढवावें. भ्रमणध्वनीवरील चित्र कित्येकदां चार-पांच एम्‌बीचें असतें. तें दोन-तीनशें केबीवर आणल्यास पान लवकर उघडतें. खेड्यांत जाळें मंद असतें, आणि पान न उघडल्यास वाचणारा थांबत नाहीं.

६. खर्च आणि पाणी उघड सांगा

दर लिहिल्यास गिऱ्हाईक पळेल, अशी भीति पुष्कळांस वाटते. आमचें मत उलट आहे. नक्की दर नको, पण ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा व ती कशावर अवलंबून आहे हें लिहावें. शेतकरी गुंठ्यानें बोलतो, शहरवासी चौरस फुटानें. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हें पानावर असूं द्यावें.

पाण्याचा हिशेबही द्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठाभर हिरवळ सुमारें १०१ चौरस मीटर भरते; उन्हाळ्यांत दररोज पांच मिलिमीटर पाणी धरलें, तर तीस रोज सुमारें ५०० लिटर लागेल. हें आधींच वाचलेला मनुष्य कदाचित् अर्धीच हिरवळ घेईल आणि उरलेल्या जागेंत कमी पाण्याचीं झाडें लावील. पण मे महिन्यांत हिरवळ वाळली म्हणून तो आपल्या दारीं भांडण्यास येणार नाहीं. असें गिऱ्हाईक दुसरीं दोन गिऱ्हाइकें आणतें.

७. विचारणांची आवक नोंदवही

विचारणेचा अर्ज लहान असावा: नांव, दूरध्वनि, गांव, जागेचें क्षेत्र व पाण्याची सोय. उत्तर त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या दिवशीं जावें. प्रत्येक विचारणा एका वहींत तारखेनिशीं लिहावी, आणि ‘आमचें नांव कोठें समजलें’ हें विचारून तेंही लिहावें. समजा, महिन्यांत वीस विचारणा आल्या, आठ जागा पाहिल्या आणि एकच काम मिळालें. तर दोष संकेतस्थळाचा नसून अंदाजपत्रकाचा किंवा बोलण्याचा असूं शकतो. विचारणाच दोन आल्या, तर दोष संकेतस्थळांत शोधावा. आकड्यांवांचून हा भेद कळत नाहीं आणि पैसा भलतीकडे खर्च होतो.

अभ्यासासाठीं

वाचकांनीं या महिन्यांत तीन गोष्टी कराव्यात. पहिली, डोमेन कोणाच्या नांवें आहे तें पहावें. दुसरी, उचललेलीं सर्व चित्रें काढून स्वतःच्या दहा कामांचीं चित्रें गांव व महिना यांसह लावावींत. तिसरी, घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं भ्रमणध्वनि देऊन, ‘हा मनुष्य कोठें असतो, काय करतो व त्यास फोन कसा लावावा’ हें संकेतस्थळावरून शोधण्यास सांगावें. त्यांस तें विनासायास सांपडलें, तर गिऱ्हाइकासही सांपडेल. त्यापुढें दर हंगामास नोंद ताजी करीत जावें. जुनी पडलेली नोंद ना कचेरींत कामास येते, ना धंद्यांत.