सामूहिक सौर कुंपण : गावाच्या वर्गणीतून पीकरक्षण

धानाच्या लोंब्या भरू लागल्या की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांध्याच लोळवून टाकतो. मचाणावर बसून जागल करावी, तर त्याच रानात वाघ व बिबट यांचाही वावर असतो. अशा वेळी काही जण विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताच्या तारेत प्रवाह सोडतात. हा मार्ग प्राणघातक आहे. अशा तारांनी वाघ मेले आहेत, तशीच माणसेही मेली आहेत. कारण अंधारात पाणी बांधावयास निघालेल्या शेजाऱ्यास तार दिसत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व विद्युत अधिनियम, २००३ या दोहोंखाली त्याबद्दल शिक्षा होऊ शकते, ती निराळीच.

सौर कुंपणाचे कार्य

खांबावरील विजेचा प्रवाह अखंड वाहतो. त्यामुळे स्नायू आखडतात व धरलेली तार सुटत नाही. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी आहे. दिवसा सौर पट्टी बॅटरी भरते व त्या बॅटरीवर चालणारे यंत्र तारेत सुमारे दर सेकंदास एक झटका सोडते. झटक्याचा दाब काही हजार व्होल्ट असला, तरी तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याची ऊर्जा ५ ज्यूलहून अधिक नसावी लागते. दोन झटक्यांमधील अवकाशात जनावर मागे सरते व पुढे त्या तारेस टाळू लागते. म्हणून प्रमाणित यंत्रच घ्यावे आणि कुंपणास खांबावरील वीज कधीही जोडू नये.

एकट्याने की मिळून?

एक हेक्टरच्या चौरस शेताचा परीघ ४०० मीटर भरतो. अशा १६ शेतकऱ्यांनी आपापले कुंपण घातल्यास ६,४०० मीटर लांबीचे कुंपण लागेल. तीच शेते एका चौरसात लागून असतील व एकच कुंपण घातले, तर १,६०० मीटर पुरते. म्हणजे दरडोई ४०० ऐवजी १०० मीटर. शिवाय एकट्याच्या कुंपणाने हटलेली डुकरे शेजाऱ्याच्या बांधीत शिरतात. एकाचे रक्षण दुसऱ्याचे नुकसान ठरू नये, यासाठीही हे काम सामूहिक असावे.

वर्गणी व ग्रामसभा

वर्गणी एकरी ठरवावी. मधल्या शेताची सीमा कुंपणास लागत नाही, तरी त्याचेही रक्षण होतेच. ज्यास रोख देणे जड जाईल, त्याने खांब रोवणे व तार ताणणे या श्रमांतून आपला वाटा फेडावा. वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आणखी एक साधन उपलब्ध आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर, तर गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास २०१२ साली १,००६ हेक्टर वनावर असे हक्क मिळाले. या ग्रामसभांनी स्वतः बांबू विकून गावाचा निधी उभा केला. अशा निधीचा काही भाग सर्वसंमतीने पीकरक्षणास लावता येईल. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतूनही सौर कुंपणास साहाय्य मिळत आले आहे. त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

उभारणी व निगा

१. सौर पट्टी दक्षिणाभिमुख व सुमारे २० अंश कललेली असावी. तिच्यावर मोहाची वा सागाची सावली पडू देऊ नये व धूळ पुसत जावी.
२. यंत्राजवळ ओलसर जागी किमान तीन जस्ती सळया खोल ठोकाव्यात. जमिनीशी जोडणी कच्ची राहिल्यास झटका बसत नाही.
३. पावसाळ्यात धुऱ्यावरील गवत तारेस टेकते व तेथून वीज जमिनीत उतरते. यासाठी दर आठवड्यास तारेखाली निंदणी करावी. पाळीने दोन घरे नेमावीत व रोज सायंकाळी मापकाने दाब पाहावा.
४. वाटेवर ठिकठिकाणी सूचनाफलक लावावेत.
५. वन्य प्राण्यांच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. कुंपण शेतास घालावयाचे आहे, रानास नव्हे.
६. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. त्यासाठी दर हंगामात थोडी रक्कम वेगळी काढून तिचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवावा.

कुंपण एका जागी तुटले, तर सर्वांचेच शेत उघडे पडते. तारेचा प्रत्येक हात आपलाच आहे असे मानून जो तो निगा राखील, तरच धान घरात येईल, आणि पहाटे शेतावर गेलेला शेजारीही सुखरूप घरी परतेल.