मोडक्या वस्तूंतील वाफेचे युग

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भंगाराने भरलेले ट्रक रांगेने उभे असतात. सायकलींचे वाकलेले सांगाडे, गंजलेले पत्रे, मोटारींचे धुरे, पलंगांच्या पट्ट्या असे सारे काही त्यांत असते. येथील पोलाद कारखान्यांचा मुख्य कच्चा माल हाच. इंडक्शन भट्टीत दीड हजार अंशांहून अधिक तापमानाला हे सगळे एकरस होते आणि त्याची सळई बनते. आपल्या कित्येक पालकांची चूल या उद्योगावर पेटते, म्हणून त्याविषयी आम्हांस आदरच आहे. तरीही इतिहास शिकविणाऱ्याला त्या ट्रककडे पाहताना एक रुखरुख लागते. त्यातील एखादी वस्तू भट्टीत पडण्यापूर्वी कोणीतरी उघडून पाहावयास हवी होती, असे वाटते.

या रुखरुखीतून इयत्ता आठवी व नववीच्या निवासी विद्यार्थ्यांसाठी इतिहास आणि कार्यानुभव या दोन विषयांचा एक जोडपाठ आम्ही आखला. घरातील निकामी वस्तू उघडायच्या, त्यांचे काम समजून घ्यायचे आणि त्यांच्याच भागांतून एक शोभेची वस्तू घडवायची, असे त्याचे स्वरूप होते. या प्रकारच्या कलेला आज जगभर 'स्टीमपंक' म्हणतात. स्मरणिकेच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल, म्हणून प्रथम त्याविषयी थोडेसे.

हा शब्द १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने एका नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात योजला. एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या यंत्रांचे जग कल्पून तो आणि त्याचे दोन मित्र कादंबऱ्या लिहीत होते आणि त्या लेखनाला नाव हवे होते. पुढे शब्द कादंबरीतून बाहेर पडला आणि दिवे, घड्याळे, दागिने, पोशाख यांना चिकटला. पितळ, तांबे, उघडी दातेरी चक्रे, रिव्हेटा, दाबमापकाची तबकडी, चामड्याचा पट्टा ही त्याची ओळखीची लक्षणे. त्याचे मूळ प्रेरणास्थान म्हणजे ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, त्यामुळे आमच्या पिढीला तो परका नाही. व्हर्नच्या १८७० च्या कादंबरीतील 'नॉटिलस' पाणबुडीचा कप्तान नेमो कोण, हे त्याने पुढे १८७५ च्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत उघड केले. तो बुंदेलखंडचा राजपुत्र होता आणि १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढला होता! वर्गात हे सांगताच मागच्या बाकावरील मुलेही सरसावून बसली. (नॉटिलस वाफेवर नव्हे, विजेवर चालते, ही चूक एका विद्यार्थिनीने आमच्या लक्षात आणून दिली. आम्ही ती मान्य केली.)

वाफेचे यंत्र मुलांनी पाहिलेले नाही. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि निजामाच्या राज्यातील जालन्याला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्गाने १९०० च्या सुमारास रेल्वे आली, हे त्यांना पाठ आहे. परंतु पाठ असणे निराळे. म्हणून आम्ही त्यांना स्वयंपाकघरात नेले. प्रेशर कुकरची शिट्टी म्हणजे वाफेच्या यंत्राची थोरली बहीणच होय. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये हाडे शिजविण्याचे बंद भांडे दाखविले. ते फुटू नये म्हणून त्याला वजनाने दाबलेली झडप बसविली. वाफेचा जोर वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाते आणि वाफ सुटते. आजच्या शिट्टीचे तत्त्व हेच. वाफेने दट्ट्या सरकवता येईल, हा विचारही पुढे १६९० मध्ये पापँनेच मांडला. जेम्स वॅटचे १७६९ चे पेटंट त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी आले.

दुसरी वस्तू म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, तीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. आगगाडीच्या इंजिनातील बॉयलरमध्येही पाण्याने वेढलेल्या नळ्यांतूनच जाळाची धग जाते. तिसरी वस्तू पंपाचा स्टोव्ह. १८९२ मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्टने तो बनविला. यात रॉकेल वातीने वर चढत नाही. हवेच्या दाबाने ते तापलेल्या बर्नरमध्ये जाते, तेथे त्याची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीने जळते. ज्यांच्या घरी पिन मारून स्टोव्ह साफ करण्याचे काम आपल्याकडे होते, त्या माजी विद्यार्थ्यांना त्या बारीक छिद्राचे महत्त्व आम्ही सांगावयास नको.

येथवर सारे सुरळीत होते. मुलांना 'घरून जुन्या वस्तू आणा' अशी सूचना गेली आणि पुढच्याच रविवारी एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा प्रश्न थेट होता. "सर, भंगार उचलण्यातून आम्ही पोरांना बाहेर काढलं. तुम्ही परत त्याच ढिगात हात घालायला लावता?"

या प्रश्नाला हसून बगल देणे शक्य नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे, जेवावयास फुटकी भांडी आणि अंगावर लोखंडाचे अलंकार सांगितले आहेत. फुटके भांडे व लोखंडी दागिना यांपासून शोभेची वस्तू बनविण्याच्या पाठात हा श्लोक आठवल्याखेरीज कसा राहील? धातूची गोष्टही तशीच आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू या गावची घटना नोंदविली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. पितळेची घागर ही ज्यांच्यासाठी अपराध ठरली, त्यांच्या नातवंडांना आम्ही 'आजीची पितळी भांडी आणा' म्हणून सांगत होतो.

त्या पालकांना आम्ही चीवराची गोष्ट सांगितली. विनयपिटकात कोसंबीचा राजा उदेन आनंदाला विचारतो, की इतक्या चीवरांचे तुम्ही काय करणार? आनंद क्रमाने सांगतो. ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती देऊ. जीर्ण चीवरांची आच्छादने करू, जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींच्या जमिनीवरील सतरंज्या, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी चिखलात कालवून लिंपण करू. राजाचे समाधान झाले. आमच्या पालकांचे मात्र अर्धेच झाले. ते म्हणाले, "भिक्खूंनी स्वतः ठरवलं होतं. आमच्यावर लादलं होतं." हा भेद त्यांनी आमच्यापेक्षा नेमका मांडला आणि त्यावरून पाठाचे नियम बदलले. उकिरड्यावरून किंवा रस्त्यावरून कोणीही काही उचलणार नाही. वस्तू घरची असेल, नाहीतर भंगारवाल्याकडून वजनाने पैसे देऊन शाळा विकत घेईल. हातमोजे, कानस, पक्कड, पाने ही हत्यारे शाळा देईल. आणि प्रत्येक तयार वस्तूखाली एक पाटी असेल : हा भाग कशाचा, कोणाच्या घरचा, तो कोण वापरत असे आणि त्याचे काम काय होते.

या पाटीनेच पुढचा पेच उभा केला. परतूर तालुक्यातील एका विद्यार्थ्याने सुट्टीहून येताना पोचे पडलेली एक 'जर्मन'ची तपेली तेवढी आणली. घरात पितळ नव्हतेच, कधीच नव्हते. इतर मुलांपुढे पितळी समया, अडकित्ते, कंदिलांच्या टाक्या होत्या. तो तपेलीला सोनेरी रंग मारू लागला तेव्हा आम्ही त्याला थांबविले. ॲल्युमिनियमला पितळ म्हणून उभे करण्याची गरज नाही, असे आमचे मत होते आणि आहे. विक्रीसाठी बनविलेल्या पुष्कळ स्टीमपंक वस्तूंत प्लास्टिकवर पितळी रंग दिलेला असतो. ती फसवणूक आम्हांस रुचत नाही. त्याने तपेली राखेने घासून पांढरी स्वच्छ केली, उपडी केली आणि तिची दिव्याची छत्री झाली. पाटीवर त्याने लिहिले, की हिच्यात आजी ऊसतोडीच्या फडावर भात शिजवीत असे.

आता कृतीकडे वळू. घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी सर्वांत जमून आलेली वस्तू म्हणजे टेबलावरचा दिवा. बैठकीला पंपाच्या स्टोव्हची टाकी, खांबाला नळाचा तुकडा, वर कंदिलाची काच आणि बाजूला सायकलची दोन दातेरी चक्रे. टाकीतील रॉकेल पूर्ण काढून ती साबणाच्या पाण्याने वारंवार धुवावी आणि तोंड उघडे ठेवून कित्येक दिवस उन्हात वाळवावी. रॉकेलची वाफ राहिलेल्या टाकीला ड्रिल किंवा डाग लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आम्ही टाकीला छिद्र पाडलेच नाही. बर्नरच्या जागी नळाचा तुकडा बसविला.

पितळ उजळायला चिंच आणि मीठ पुरेसे आहे. चिंचेतील आम्ल वरचा काळा थर विरघळविते. मात्र सगळे लख्ख करू नये. खाचांतील काळेपणा राहू द्यावा, त्यानेच नक्षी उठून दिसते. कल्हई असलेल्या भांड्याची आतील बाजू घासण्याचे कारण नाही.

जोडणी शक्यतो नट-बोल्टांची असावी. येथे आमची एक फजिती झाली. घाईने आम्ही सायकलचे चक्र केवळ चिकटद्रव्याने बसविले. धातूला ग्रीसचा अंश होता, पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत केलेला नव्हता. पाहुण्यांसमोर चक्र निसटून शिक्षणाधिकाऱ्यांच्या बुटावर पडले. तेव्हापासून प्रथम सोड्याच्या पाण्याने धुणे, मग खरवडणे आणि त्यानंतर जोडणे हा क्रम मुलांनीच भिंतीवर लिहून ठेवला आहे.

चावीचे गजराचे घड्याळ उघडताना अधिक सावध असावे. आतील कमान गुंडाळलेली असेल तर ती सुटताना बोट कापते. चावी घट्ट धरून खिट्टी दाबावी आणि कमान हळूहळू उलगडू द्यावी. जुन्या घड्याळांचे अंधारात चमकणारे काटे काढू नयेत किंवा खरवडू नयेत. त्या रंगात रेडियम असू शकते. ट्यूबलाइट, जुने टीव्ही आणि बॅटऱ्या या पाठात आम्ही घेतल्याच नाहीत. दिव्यासाठी मोबाइलच्या चार्जरवर चालणारा पाच व्होल्टचा एलईडी वापरला. मुलांच्या हाती २३० व्होल्ट देण्याचे कारण नव्हते.

एका गोष्टीवर आम्ही हट्ट धरला आणि त्यावरून वर्गात वादही झाले. चक्रे नुसती शोभेला चिकटवायची नाहीत. दाताला दात लागला पाहिजे, किंवा साखळीने एक चक्र दुसऱ्याला फिरविले पाहिजे. सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दात आणि फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. मुलांनी दात मोजून हे काढले. घड्याळात मिनिटकाट्याचे बारा फेरे म्हणजे तासकाट्याचा एक, हेही त्यांनी चक्रांचे दात मोजूनच पडताळले. ज्या गटाला आपली चक्रे का फिरतात हे सांगता आले नाही, त्याची वस्तू प्रदर्शनात मांडली गेली नाही. हे कठोर वाटेल. एक मुलगी त्या दिवशी रडली. दोन दिवसांनी तिने फ्रीव्हील नव्याने बसवून आणले, तेव्हा ते फक्त एकाच दिशेला का अडते, हे तिने आम्हांस समजावून दिले. आतील खिट्ट्या एका बाजूला घसरतात आणि दुसऱ्या बाजूला दातांत रुततात.

चंदीगडचा रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तो घडविणारे नेकचंद बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते आणि फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, मोडकी भांडी यांतून त्यांनी ती सृष्टी उभारली. सहलीला तेथे जाणे आपल्या शाळेला परवडणारे नाही, म्हणून छायाचित्रांवर भागविले. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ते पाहिले असेल त्यांनी येऊन मुलांना अवश्य सांगावे.

सध्या सतरा वस्तू शाळेत आहेत. तपेलीचा दिवा वाचनालयात मोठ्या टेबलावर ठेवला आहे. त्याची पितळी तोटी फिरविली की छत्री वर-खाली होते, परंतु तोटी वारंवार सैल पडते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नववीतील कोणीतरी पाना घेऊन येतो आणि ती आवळतो. छत्रीचा धनी विद्यार्थी यंदा दहावीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजी शाळेत आली, तेव्हा त्याने तिला तो दिवा दाखविला. तिने तपेलीवरचे पोचे बोटांनी चाचपले आणि त्यातील एक पोचा कसा पडला होता, ते सांगितले. तेही आता पाटीवर लिहिले आहे.