साठ फूट सहा इंचांच्या अलीकडून

थोर माणसाच्या आत्मचरित्रापेक्षा त्याच्या सोबत्याने लिहिलेल्या आठवणी मला अधिक वाचनीय वाटतात. थोर माणूस स्वतःविषयी लिहू लागला की एकतर फार नम्र होतो किंवा फार मोठा होतो. सोबत्याला ही अडचण नसते. मात्र त्याची म्हणून एक निराळी अडचण असते. आपण कोण होतो, हे त्याला दुसऱ्याची गोष्ट सांगता सांगताच सांगावे लागते. या दृष्टीने मी टिम मॅकार्व्हर या अमेरिकन बेसबॉलपटूच्या आठवणींकडे वळलो. ‘ओह, बेबी, आय लव्ह इट!’ हे त्याचे पुस्तक १९८७ साली निघाले. पुस्तकाचे नाव उथळ आहे, माणूस तसा नाही.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नसल्याने थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये गोलंदाजाला पिचर म्हणतात. मातीच्या लहानशा उंचवट्यावरून तो चेंडू टप्पा न पाडता फेकतो. तेथून होम प्लेटपर्यंतचे अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून साडेपाच फूट कमी. वेगवान चेंडूला हे अंतर कापायला सेकंदाचा चार दशांश भाग पुरतो. फलंदाजाच्या मागे तोंडावर जाळी, छातीला गादी आणि पायांना पट्टे बांधून जो उकिडवा बसतो तो कॅचर. त्याला यष्टिरक्षक म्हणावे असा मोह होतो, पण ते पूर्णांशाने बरोबर नाही. यष्टिरक्षक गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूला सामोरा जातो. कॅचर मात्र चेंडू पडण्याआधीच त्यात भाग घेतो. दोन मांड्यांच्या आडोशाने तो बोटांनी खूण करतो. सर्वसाधारणपणे एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा, तीन म्हणजे स्लायडर, अर्थात वेगाने येऊन शेवटच्या क्षणी बाजूला सरकणारा चेंडू. पिचर मान हलवून होकार देतो किंवा नकार देतो. एका सामन्यात हा मूक संवाद शंभराहून अधिक वेळा होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्यातला एकच पक्ष छापला जातो.

मॅकार्व्हर १९४१ साली मेम्फिस येथे जन्मला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९५९ साली, तो सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघात दाखल झाला. तेथे त्याची गाठ बॉब गिब्सनशी पडली. गिब्सन ओमाहाचा कृष्णवर्णीय खेळाडू. जन्मापूर्वीच वडील वारलेले, बालपण दम्याने आणि दारिद्र्याने ग्रासलेले. मॅकार्व्हर दक्षिणेकडचा गोरा मुलगा, पोलिसाचा मुलगा. त्या काळी फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे संघाचे वसंत ऋतूतील सराव शिबिर भरे, तेव्हा गोऱ्या खेळाडूंना हॉटेल मिळे आणि काळ्यांना गावाच्या दुसऱ्या भागात कुणाच्या तरी घरी उतरावे लागे. १९६१ साली बिल व्हाइट या खेळाडूने याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. त्यानंतर सगळा संघ, कुटुंबांसह, एकाच मोटेलात राहू लागला.

अशा दिवसांतली एक हकीकत आहे. मॅकार्व्हरने ती स्वतः अनेकदा सांगितली. बसमध्ये उकाडा होता, मॅकार्व्हर संत्र्याचे पेय पीत होता, आणि गिब्सनने त्याच्याकडे एक घोट मागितला. मुलगा घुटमळला. आजवर कधी काळ्या माणसाच्या ओठांना लागलेले त्याने तोंडाला लावले नव्हते, आणि गिब्सनला हे ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच त्याने मागितले. अखेर मॅकार्व्हर कसाबसा म्हणाला की तुझ्यासाठी थोडे शिल्लक ठेवतो.

आठवणी लिहिणारे बहुतेक लोक अशी जागा वगळतात, किंवा सांगितलीच तर ‘काळच तसा होता’ असे म्हणून पुढे जातात. मॅकार्व्हर तसे करीत नाही. तो घुटमळला, एवढेच सांगतो. आणि गिब्सनने आपल्याला पुष्कळ शिकवले, त्यात हेही होते, असे मानतो. मला या प्रसंगात विशेष वाटते ते गिब्सनचे. त्याने भाषण दिले नाही, भांडण केले नाही. फलंदाजाला जोखण्यासाठी टाकावा तसा एक चेंडू टाकला आणि काय होते ते पाहत राहिला. आपल्याकडे पाण्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्या घरांची आठवण ज्यांना आहे, त्यांना हा चेंडू कोठे पडला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मैदानावरचा गिब्सन असाच होता. त्याला मध्येच कुणी येऊन बोललेले खपत नसे. तो फार घाईने चेंडू टाकतो म्हणून व्यवस्थापक जॉनी कीन मॅकार्व्हरला त्याच्याकडे पाठवी. गिब्सन त्याला दुरूनच परत जायला सांगे. चेंडू टाकण्याविषयी तुला एवढेच कळते की तो मारणे कठीण असते, असे तो त्याला ऐकवीत असे. बिचारा कॅचर! पुढे जावे तर गिब्सन, मागे फिरावे तर कीन. मॅकार्व्हर मग अर्ध्या वाटेवर जाऊन थांबे. गिब्सनवर केलेली त्याची थट्टाही प्रसिद्ध आहे. त्याच्या मते गिब्सन हा अत्यंत नशीबवान पिचर होता, कारण ज्या दिवशी तो चेंडू टाकायला उभा राहतो त्याच दिवशी नेमक्या प्रतिपक्षाच्या धावा होत नाहीत.

१९६४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजविरुद्ध पाचव्या सामन्याच्या दहाव्या डावात मॅकार्व्हरने तीन धावांचा होमरन मारला आणि गिब्सनने तो सामना जिंकला. तीन दिवसांनी सातवा सामनाही गिब्सननेच जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी मॅकार्व्हरला तेविसावे वर्ष पूर्ण झाले. १९६८ साली गिब्सनने दर नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावाच दिल्या. फलंदाजांचे असे हाल झाले की पुढील वर्षी पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणण्यात आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला डेट्रॉईटविरुद्ध त्याने सतरा फलंदाजांना स्ट्राइक-आउट केले. हा वर्ल्ड सिरीजमधला विक्रम अजून अबाधित आहे. पंधरावा बळी मिळाला तेव्हा सँडी कूफॅक्सच्या १९६३ मधील विक्रमाशी बरोबरी झाली. प्रेक्षक उभे राहिले. फलकावर ते झळकत होते, पण गिब्सनची पाठ तिकडे होती. मॅकार्व्हर चेंडू हातात धरून फलकाकडे बोट दाखवू लागला, तर गिब्सन त्याच्यावर ओरडला की आधी चेंडू परत दे. सगळ्या स्टेडियममध्ये काय घडते आहे हे न कळलेला एकच मनुष्य होता, आणि तेच त्याचे सामर्थ्य होते. हे दृश्य नेमके समोरून दिसेल अशा जागी एकटा मॅकार्व्हर बसला होता.

स्टीव्ह कार्लटनची तऱ्हा वेगळी. १९६५ साली हा नवखा, उंच, डावखुरा पोरगा सरावाच्या सामन्यानंतर दाढी करीत असलेल्या मॅकार्व्हरजवळ आला आणि आपण अडचणीत असताना वळणारे चेंडू जास्त मागवत जा, असे सांगू लागला. मॅकार्व्हर भयंकर संतापला व त्याने त्याची चांगलीच हजेरी घेतली. पुढे कार्लटनचेच म्हणणे बरोबर ठरले, कारण त्याचा स्लायडर त्या काळातला सर्वांत अवघड चेंडू मानला गेला. १९७२ साली फिलाडेल्फियाच्या संघाने सबंध हंगामात एकोणसाठ सामने जिंकले, त्यांपैकी सत्तावीस एकट्या कार्लटनचे.

१९७५ साली मॅकार्व्हर फिलाडेल्फियाला परतला तेव्हा तेथे बॉब बून हा उत्तम कॅचर होता. तरीही कार्लटनचा दिवस आला की बून बाजूला बसे आणि पस्तिशीकडे झुकलेला मॅकार्व्हर जाळी चढवी. १९७७ साली कार्लटनने तेवीस सामने जिंकले, साय यंग पारितोषिक मिळवले. वार्ताहरांशी त्याने पुढे बोलणेच सोडले. जो माणूस जगाशी बोलत नव्हता तो तीन बोटांच्या खुणेला मात्र मान हलवून उत्तर देत होता. मॅकार्व्हरचे निरीक्षण असे की कार्लटनच्या लेखी फलंदाज जवळजवळ नसतोच; तो आपल्या कॅचरशी चेंडूची झेलाझेली करीत असतो, एवढेच. आम्ही दोघे मेल्यावर आम्हांला साठ फूट सहा इंचांच्या अंतरावर पुरतील, असेही तो म्हणे.

येथे मला एक शंका येते. कार्लटनला मॅकार्व्हर का हवा होता? बूनपेक्षा तो चांगला झेलत होता म्हणून नव्हे. माझा तर्क असा की १९६५ मध्ये ज्याने आपल्याला झापले आणि नंतर स्वतःचे चुकले हे मान्य केले, त्याच्या खुणेवर विश्वास ठेवणे सोपे जाते. गिब्सनच्या बाबतीतही तेच. घोट नाकारणाऱ्या मुलाने ती गोष्ट लपवली नाही.

मॅकार्व्हर १९८० नंतर समालोचक झाला आणि २०१२ मध्ये त्याला त्या क्षेत्रातले फोर्ड फ्रिक पारितोषिक मिळाले. खेळाडू म्हणून मात्र त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले नाही; गिब्सन व कार्लटन दोघेही तेथे आहेत. गिब्सन २ ऑक्टोबर २०२० रोजी वारला, त्या सतरा बळींच्याच तारखेला. मॅकार्व्हर २०२३ च्या फेब्रुवारीत. ४ नोव्हेंबर २००१ रोजी वर्ल्ड सिरीजच्या अखेरच्या सामन्यात तो ध्वनिक्षेपकापुढे बसला होता. यांकीजचा मारियानो रिव्हेरा चेंडू टाकत होता आणि क्षेत्ररक्षक पुढे आणले होते. मॅकार्व्हर म्हणाला की रिव्हेरा डावखुऱ्यांच्या अंगावर आत चेंडू टाकतो, बॅट मोडून चेंडू जवळच मागे पडतो, आणि क्षेत्ररक्षक इतके पुढे असताना तेच धोक्याचे आहे. पुढच्याच चेंडूवर लुईस गोन्झालेझची बॅट मोडली, चेंडू त्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत पडला आणि ॲरिझोनाने वर्ल्ड सिरीज जिंकली.