सगळेच ‘उत्तम’ लिहितात, तेव्हा

प्रश्न : आमचे विद्यार्थी उन्हाळ्यात दोन महिने संशोधन संस्थांत काम करतात. परतल्यावर अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये सगळेच ‘उत्तम’ लिहितात. प्रश्नावली कशी सुधारावी?
– एक समन्वयक प्राध्यापिका

उत्तर : आधी एक पाहा, फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही का? तसे असेल तर ‘उत्तम’च येणार. प्रमाणपत्र आधी द्या, फॉर्म निनावी ठेवा.

‘मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा चांगली होती का?’ हे दोन प्रश्न आहेत. ते वेगळे करा. ‘आवडले का?’ऐवजी ‘मार्गदर्शकांशी आठवड्यातून किती वेळा चर्चा झाली?’, ‘फसलेला प्रयोग पुन्हा करून पाहिलात का?’ असे विचारा.

‘संशोधन किती येते?’ असे विचारले, तर जाण्यापूर्वी मुले अनेकदा स्वतःला पाचपैकी चार गुण देतात. संशोधन म्हणजे काय ते कळल्यावर तीनच देतात! ही घसरण नव्हे; मोजपट्टीच बदललेली असते. म्हणून शेवटी ‘तेव्हा किती येत होते, आता किती येते’ हे शेजारी शेजारी विचारा. मात्र आठवणही फसवते, त्यामुळे मार्गदर्शकांचा अभिप्राय आणि विद्यार्थ्याचा अहवाल जोडीला ठेवा.

अर्ध्यावर सोडून आलेल्यांना विसरू नका; खरी अडचण तेच सांगतील. आणि नवी प्रश्नावली आधी चार-पाच जणांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ते अडखळतील, तिथे प्रश्न चुकलेला आहे.