जुन्या फोर-व्हील पिकअपचं स्टेअरिंग: बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी प्ले कुठे आहे ते शोधा



1 जून ते 31 जुलै ही बंदीची 61 दिवसांची मुदत म्हणजे आपल्याकडे डागडुजीचे दिवस. ट्रॉलर वर येतो, जाळी शिवली जातात, इंजिनं उघडली जातात. राहून जाते ती किनाऱ्यावरची जुनी जीप-पिकअप. होडी वाळूतून वर ओढायला तीच, बर्फ आणायला तीच, पहाटे मासळी बाजारात पोचवायलाही तीच. वर्षभर खारं पाणी आणि वाळू खाऊन तिचं स्टेअरिंग सैल झालेलं असतं, आणि आपण म्हणतो, "जुनी गाडी, चालायचंच."

बंधूंनो, हे चालायचं नाही. मागे क्रेट भरलेले, वर दोन माणसं बसलेली, समोर उतार. अशा वेळी गाडी सांगितल्या दिशेला वळली नाही तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून यंदा स्टेअरिंगचा हा धडा.

आधी रचना समजून घेऊ

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या सीजे-3बी धाटणीच्या आहेत. विलिजने हे मॉडेल 1953 मध्ये आणलं आणि महिंद्राने ते आपल्या देशात पुढे कितीतरी वर्षं बनवलं. यात पॉवर स्टेअरिंग नाही, सगळं हाताच्या जोरावर.

स्टेअरिंगच्या नळीच्या खालच्या टोकाला आट्यासारखी खाच असलेला कॅम असतो. त्या खाचेत लिव्हरच्या पिना बसतात. स्टेअरिंग फिरवलं की पिना सरकतात आणि बॉक्सच्या बाहेरचा ड्रॉप आर्म हलतो. तिथून ड्रॅग लिंक पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या बेल क्रँकला जाते, आणि बेल क्रँकपासून दोन टाय रॉड दोन चाकांना. म्हणजे हातापासून चाकापर्यंत सहा-सात सांधे झाले. प्रत्येकात केसभर झीज धरली तरी वर स्टेअरिंगला चार बोटं प्ले येतो.

स्क्रू आवळणं धोक्याचं का?

प्ले आला की बॉक्सच्या बाजूचा स्क्रू आवळायचा, ही सगळीकडची सवय. दोन मिनिटांचं काम आणि गाडी लगेच बरी वाटते. पण त्या कॅमची खाच मुद्दाम अशी कापलेली असते, की गाडी सरळ असताना पिना घट्ट बसाव्यात आणि पूर्ण वळणावर थोड्या सैल. गाडी जास्त वेळ सरळच चालते, त्यामुळे झीज मधल्या भागात होते, टोकांना कमी. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर टोकांना पिना खाचेत अडकतात. वळणावर स्टेअरिंग जड होतं, परत सरळ येत नाही, आणि कधी जागच्या जागी धरून बसतं. सैल स्टेअरिंगपेक्षा अडकणारं स्टेअरिंग जास्त वाईट.

गेल्या बंदीत एका सभासदाची गाडी आली होती. बॉक्सच बदलावा लागेल असं त्याला बाहेर सांगितलं होतं. बघितलं तर बॉक्स ठीक. बेल क्रँकचा बुश खाऊन गेलेला आणि एका टाय रॉडचा बॉल जॉइंट हाताने हलत होता. दोन्ही बदलले, गाडी सरळ चालली.

तपासणी: माणसं दोन, वेळ अर्धा तास

1. गाडी वाळूत नव्हे, पक्क्या जमिनीवर उभी करा. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना लाकडाची ओट द्या. चारी टायरची हवा बघा. वाळूसाठी कमी केलेली हवा रस्त्यावर तशीच राहिली तर स्टेअरिंग जड लागणारच.

2. चाकं जमिनीवरच ठेवा. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं-थोडं हलवायचं. दुसऱ्याने खाली बघत प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जायचं: ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, बेल क्रँक, टाय रॉडची चारही टोकं. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे प्ले.

3. बॉक्स चासीला धरणारे बोल्ट बघा. स्टेअरिंग हलवताना बॉक्सच हलत असेल तर आधी बोल्ट आवळा. तिथे चासीला तडा आहे का तेही खरवडून बघा. गंजाखाली तडा लपतो.

4. आता पुढचं चाक जॅकवर घ्या आणि खाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हबचं बेअरिंग सैल. तरीही राहिला तर किंगपिनचं बेअरिंग.

5. पुढच्या पाट्यांचे शॅकल आणि बुश बघा. ते खाल्ले असतील तर सगळा एक्सलच इकडे-तिकडे सरकतो आणि दोष मात्र स्टेअरिंगला मिळतो.

दुरुस्ती: चाकाकडून बॉक्सकडे

क्रम उलटा करू नका. बॉक्स सगळ्यात शेवटी.

किंगपिनची बेअरिंगं वर-खाली शिम घालून बसवतात. फोर-व्हील गाडीत याच गोल नकलच्या आत जॉइंट असतो आणि बाहेरून नमद्याचा सील. तो सील फाटला की खारं पाणी थेट आत. नकल उघडल्यावर आतलं ग्रीस दुधाळ किंवा तांबूस दिसलं तर पाणी शिरलंय समजा. सगळं धुऊन नवीन बेअरिंग आणि नवीन सील घाला. जुना सील परत लावणं म्हणजे फाटक्या जाळ्याने मासे धरणं.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची खाल्लेली टोकं बदलायची. तिथे वेल्डिंग नको, तापवून ठोकणं नको. प्रत्येक नटाला नवीन स्प्लिट पिन. जाळ्याची तार किंवा खिळा चालणार नाही.

मग टो-इन. पुढच्या चाकांचं पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. सीजे-3बीला ते 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण 1.2 ते 2.4 मिमी. टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर दोन्हीकडे खडूची खूण करून अंतर मोजा. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा पुढे आणा, परत मोजा. टाय रॉड दोन आहेत, म्हणून बेल क्रँक मधोमध ठेवून दोन्ही सारखे जुळवा.

आता बॉक्स. ड्रॅग लिंक सोडा. आधी नळीची वर-खाली हालचाल शिम काढून घालवा. मग स्टेअरिंग बरोबर मध्यावर आणून बाजूचा स्क्रू हळूहळू आवळा. मध्यावरून जाताना किंचित अडल्यासारखं लागलं की थांबा आणि चेकनट लावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही धरत असेल तर आतला कॅम आणि पिना झिजल्यात. स्क्रूने ते भरून निघत नाही, सुटे भाग बदला. बॉक्समध्ये गिअर ऑइल घाला. ग्रीस भरलं तर पिना त्यात वाट पाडतात आणि नंतर कोरड्याच चालतात.

रोजच्या वापरात

- वाळूतून पक्क्या रस्त्यावर आलात की फोर-व्हील काढा. लावूनच ठेवलं तर वळताना स्टेअरिंग ओढतं आणि जॉइंटवर ताण येतो.
- चाकं पाण्यात गेली असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, मग निपलला ग्रीस मारा. जुनं मळकं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं.
- होडी ओढताना स्टेअरिंग पूर्ण वळवून जोर लावू नका.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने, दिवसाउजेडी, हळू मारा. परत येऊन प्रत्येक नट आणि स्प्लिट पिन पुन्हा बघा. मगच बर्फ भरा.

होडीचं सुकाणू सैल असेल तर आपण समुद्रात जात नाही. रस्त्यालाही तोच नियम लावूया.