बालक आणि योसेफ
शास्त्रपाठ : मत्तय २:१३-२३, प्रकटीकरण १२:१-६

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम परिसरात १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९७१ मध्ये जवळच्याच सॉल्ट लेकच्या मोकळ्या जागेत निर्वासितांची मोठी छावणी पडली. कित्येक कुटुंबे सांडपाण्यासाठी आणून ठेवलेल्या मोठ्या नळांत राहिली. लेकरू कडेवर घेऊन सीमा ओलांडणे म्हणजे काय, हे तेथील वृद्धांना समजावून सांगावे लागत नाही. आजचा पाठ अशाच एका रात्रीविषयी आहे.

योसेफ हा स्वतःहून पुढे सरसावलेला वीर नव्हे. मरीयेला गुप्तपणे सोडावे असा त्याचा विचार होता (मत्तय १:१९). देवदूताला आधी त्याचे भय घालवावे लागले. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. (आपल्या नाताळच्या नाटकांत मात्र तो लांबलचक भाषणे करतो!)

वैरी कोण? वरवर पाहता हेरोद. परंतु प्रकटीकरणात पडदा दूर होतो : प्रसूत होणाऱ्या स्त्रीपुढे अजगर टपून उभा आहे, बाळ जन्मताच गिळावे म्हणून. अशा शत्रूपुढे एका सुताराने काय करावे? त्याला तलवार मिळाली नाही, केवळ निघण्याची आज्ञा मिळाली. आणि उजाडण्याची वाट न पाहता तो रात्रीच निघाला. या उताऱ्यात मत्तय चार वेळा आधी बालकाचा व मग आईचा उल्लेख करतो. बालक योसेफाचे, असे एकदाही म्हणत नाही. जे आपले नव्हे ते त्याने जपले.

बेथलेहेमची इतर बालके वाचली नाहीत. मत्तय त्याचे स्पष्टीकरण देत नाही, राहेलीचा आक्रोश तेवढा नोंदतो. येथे घाईने उत्तर देणाऱ्या शिक्षकावर वर्गाने विसंबू नये.

हेरोद मेल्यावर योसेफ परतला, पण यहूदीयात अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून पुन्हा भ्याला. भीती रास्त होती. यहूदी इतिहासकार जोसीफस लिहितो की, वल्हांडण सणात अर्खेलावाच्या सैन्याने सुमारे ३,००० लोक मारले. देवाने या भित्रेपणाबद्दल त्याला दोष दिला नाही. स्वप्नात सूचना दिली आणि तो गालीलाकडे वळला.

पुढे बारा वर्षांचा तो मुलगा मंदिरात गुरुजनांना आपल्या बुद्धीने थक्क करीत असता, योसेफ व मरीया त्याला शोधत कष्टी होऊन तेथे पोहोचली (लूक २:४६-४८). त्याही दिवशी बोलली ती मरीयाच.