जंजिरा पाहिला, सिद्दी राहिला!

आमच्या आजऱ्याची ओळख विचारली तर कोणीही दोन गोष्टी सांगेल, घनसाळ तांदूळ आणि काजू. त्यातला काजू मूळचा आपला नाही, ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि पुढं तो घाट चढून आमच्याकडं आला. आज आजऱ्यात कोणाला 'काजू परदेशी आहे' म्हणून सांगा, हसतील तुम्हाला. झाडाला आपलं म्हणायला आपण वेळ लावला नाही. पण समुद्रमार्गे माणसंही आली. त्यांचं काय झालं? मित्रांनो, हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या कॉटवर एक मुलगा आला. काळाभोर रंग, दाट कुरळे केस. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "व्हिच कंट्री?" तो शांतपणे म्हणाला, "हल्याळ. तू खंयचो?" अख्खी विंग हसली. आठवड्याभरात त्याचं नाव 'आफ्रिका' पडलं. ते नाव पाडणाऱ्यांत मीही होतो.

पुढं सेकंड इयरला आमची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली आणि माझं हसू पार जिरलं.

पाण्यातला किल्ला

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनं किल्ल्याकडं जातात. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे तेच कळत नाही. दरवाजाजवळ भिंतीत एक शिल्प आहे, हत्तींना पंजात पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचं. आत गेलं की 19 बुरूज, कलालबांगडी नावाची अजस्र तोफ, सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. आम्ही सिव्हिलवाले तर त्या तलावांपाशीच थांबलो!

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला. अर्थ, बेट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथं सिद्दींचा अंमल होता आणि त्यांचं संस्थान थेट 1948 साली विलीन झालं. शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग उभारला. 1682 साली संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. तरीही जंजिरा हाती आला नाही. हे सगळं गाइडनं रंगवून सांगितलं. मुलांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या मित्रानं मात्र एकच प्रश्न विचारला, "आणि ती माणसं आता खंय आसत?" गाइड गोंधळला. म्हणाला, "चला, पुढची तोफ बघू."

परतीच्या होडीत मित्र म्हणाला, "मी पण सिद्दीच." मग कोणी काही बोललं नाही.

सिद्दी म्हणजे कोण?

परत आल्यावर मी लायब्ररीत बसलो. आफ्रिकेच्या पूर्व भागातून शेकडो वर्षं माणसं आपल्या किनाऱ्यावर येत होती. काही खलाशी, काही सैनिक आणि बरीचशी गुलाम म्हणून विकली गेलेली. त्यांनाच हबशी किंवा सिद्दी म्हणत.

आपण कोल्हापूरची पोरं सिद्दी म्हटलं की एकच नाव घेतो, 1660 साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जे सैन्य आलं, त्यात सिद्दी हिलाल होता, महाराजांच्या बाजूनं लढणारा! म्हणजे सिद्दी दोन्हीकडं होते, जसे मराठे दोन्हीकडं होते. हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसरं नाव मलिक अंबर. इथिओपियात जन्म, लहानपणी विक्री, बगदादमार्गे दख्खन, आणि शेवटी निजामशाहीचा कर्ता पुरुष. 1610 साली त्यानं खडकी हे शहर वसवलं. तेच पुढं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला जमिनीखालच्या नळांतून पाणी पुरवणारी 'नहर-ए-अंबरी' त्याचीच. हायड्रॉलिक्सच्या तासाला आपण परदेशी नावं पाठ करतो, या माणसाचं नाव एकदा तरी यायला हवं की नको?

एक शहर असंही

आता पुन्हा काजूच्या देशात जाऊ. ब्राझीलच्या किनाऱ्यावर साल्वादोर हे शहर आहे. पोर्तुगीजांनी ते 1549 साली वसवलं आणि 1763 पर्यंत ते राजधानी होतं. गोव्याकडून परतणारी पोर्तुगीज जहाजं तिथं थांबत. आपल्याकडं ऊस शेतकरी स्वतः लावतो, तिथला ऊस मात्र आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या गुलामांनी पिकवला. तिथल्या जुन्या वस्तीचं नाव 'पेलोरिन्यो', म्हणजे गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. ब्राझीलमधली गुलामी कायद्यानं संपली ती 1888 साली.

आज त्याच वस्तीत जगभरचे पर्यटक येतात. 1985 पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. खालच्या आणि वरच्या शहराला जोडणारी 72 मीटर उंचीची लासेर्दा लिफ्ट 1873 पासून चालते. पण लोक नुसत्या इमारती बघायला येत नाहीत. ढोलपथकं ऐकायला येतात. कापोएरा बघायला येतात, म्हणजे गुलामांनी जपलेली नाचासारखी दिसणारी युद्धकला. 1890 च्या कायद्यानं तिच्यावर बंदी होती, 2014 साली युनेस्कोनं तिला वारसा म्हणून मान दिला. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या घोळदार कपड्यांतल्या बायका भिजवून वाटलेल्या चवळीचे वडे पामतेलात तळतात, त्याला 'आकाराजे' म्हणतात. मूळ पदार्थ आफ्रिकेतला, आता शहराची ओळख.

तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण साल्वादोरला गेलेला माणूस तिथल्या माणसांना न भेटता परत येत नाही. आपण मात्र जंजिऱ्याच्या भिंती बघून परत येतो.

हल्याळची कवंदी

आजऱ्याहून बेळगाव, खानापूर, अळणावर करत हल्याळ गाठता येतं. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या तालुक्यांत सिद्दींच्या वाड्या आहेत. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळून जंगलात शिरलेल्यांचे बरेचसे वंशज इथं आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. 2003 साली या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी मित्राच्या घरी गेलो. रात्री अंगणात दमामी वाजली, सगळे नाचले, मलाही ओढलं. आणि कवंदी बघितली. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, आमच्याकडची वाकळच म्हणा. फक्त त्यांच्या बायका कडेपासून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे. मी येताना आमच्या आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन गेलो होतो. मित्राच्या आईनं तो हातात धरून पाहिला आणि म्हणाली, "बरो आसा, हो घालूंया." तीच कवंदी आता आमच्या रूममध्ये, त्याच्या कॉटवर आहे.

'आफ्रिका' हे नाव आमच्या विंगमध्ये आता कोणी घेत नाही. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "आफ्रिका म्हटल्याचा राग नाही रे. हल्याळ सांगूनही कोणी ऐकलं नाही, त्याचा होता."

तेव्हा मित्रांनो, जंजिऱ्याला जरूर जा. तोफ बघा, तलाव बघा, जवळच खोकरीला सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत, त्याही बघा. पण गाइडला तो एक प्रश्न नक्की विचारा. आणि उत्तर मिळालं नाही, तर आमच्या रूमवर या. कवंदीवर बसून बोलू. आजऱ्याचे काजू माझ्याकडून!